वकिलानं ‘या’ म्हणायचं नसतं

बाबा, आईच्या कानाच्या मशीनचं काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे, पण त्याआधी हे सांगावं लागेल की मी सध्या एका वकिलाचे व्हिडिओ काढतो. हसू नका. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो आणि तुमचा बेत असा होता की पोरगं निदान दहावी करील, मग त्याला कुठंतरी चिकटवू. दहावीत मी गणितापाशी अडकलो आणि चिकटलो तर कुठंच नाही. मंचेरियलला एका फोटोवाल्याच्या हाताखाली लग्नात लाइट धरला. तिथून एका ट्रकवर क्लीनर म्हणून नागपूरपर्यंत गेलो, कारण त्या ड्रायव्हरकडं बोलणारी मैना होती आणि मला ती काय बोलते ते पूर्ण ऐकायचं होतं. ती एकच शिवी द्यायची. परत आलो आणि साडीवाल्यांचे, बिर्याणीवाल्यांचे, एका दातांच्या डॉक्टरचे व्हिडिओ मोबाइलवर काढून द्यायला लागलो. तुमच्या वेळी मोबाइलमध्ये एक साप फिरायचा, आता त्यात आख्खा जिल्हा फिरतो. लोक जेवताना बघतात, आपल्या तामसीच्या बसमध्ये उभ्यानं बघतात, आणि मग ज्याचा व्हिडिओ आवडला त्याच्या दुकानात जातात. म्हणजे काम तुमचंच आहे. तुम्ही इचोड्याच्या ढाब्यासमोर गमछा हलवत करायचात ते मी बसून करतो.

तो इचोड्याचा दिवस आठवतो का तुम्हाला? पाचवीच्या सुट्टीत तुम्ही मला ढाब्यावर घेऊन गेला होतात. हायवेच्या कडेला तुम्ही उभे, खांद्यावर लाल गमछा, आणि हैदराबादकडून ट्रक येतोय. अजून तो दूर आहे, मला नुसती धूळ दिसतेय, आणि तुम्ही म्हणता, “हा थांबते. याच्या पोटात काही नाई.” मग गमछा वर, आणि तो आवाज! “आओ सेठ, आओ, गरम रोटी, खटिया खाली है!” नंबरप्लेट बघून तुमची भाषा बदलायची. पंजाबवाल्याला पाजी, तेलुगूवाल्याला अन्ना, आणि आपल्या वणी-यवतमाळकडचा असला की नुसतं “या ना बाप्पा, काऊन लाजता?” ट्रक खरंच थांबायचे. मला म्हणालात, “बोलवाचं तं पोटातून बोलवाव. गळ्यातून बोलवलं तं मानूस पुढच्या ढाब्यावर जाते.” तेवढ्यात एका ट्रकच्या टपावर बकऱ्या दिसल्या आणि मी रस्ता ओलांडून त्यांच्यामागं पळालो. तुम्ही मला बखोट धरून आणलंत, पाठीत एक ठेवून दिलीत. “एका जागी उभं राहता येत नाई का बे तुले?” मी रडलो. मग गल्ल्याखालून तुम्ही एक गॉगल काढून दिलात, कुणी ड्रायव्हर विसरून गेलेला, एका बाजूची काच नसलेला. संध्याकाळपर्यंत मी एका डोळ्यानं काळं आणि एका डोळ्यानं पिवळं इचोडा बघत बसलो. एका जागी उभं राहणं मला अजून जमत नाही, हे कळवतो.

कुठं होतो मी? वकील. आदिलाबादला कचेरीच्या मागच्या गल्लीत एक ऑफिस आहे, पाटीवर साहेबांचं नाव आणि पुढं ‘अँड असोसिएट्स’. असोसिएट म्हणजे साहेबांची मुलगी. तीही वकील, सगळे तिला ताई म्हणतात. बाकी एक खडखडणारा पंखा आहे, त्यालाही धरलं तर अनेकवचन पूर्ण होतं. साहेब जुन्या वळणाचे. त्यांच्या तोंडी अजून निजामाच्या काळातलं मौजे, पेशी, दरखास्त असतं. ताईंच्या डोक्यात मात्र आलं की लोकांना कायदा माहीत नसतो, हैदराबादचे वकील व्हिडिओतून समजावतात, आपणही समजावू. त्यांनी साडीवाल्याकडून माझा नंबर घेतला. साहेब म्हणाले, “काढा काय काढायचं ते, मला जास्त वेळ नाही,” आणि आतल्या खोलीत जाऊन केसांना कलप लावून आले.

मी मन लावून पहिला व्हिडिओ केला. साहेब बोलले ग्राहकांच्या हक्कांबद्दल, आणि मी त्याला माझ्या पद्धतीनं सजवलं. ढोल लावला. साहेबांच्या डोक्यामागून आगीचे गोळे सोडले. वर लाल-पिवळ्या अक्षरांत ‘धमाका! फसवलं गेलात? आजच या! हमखास न्याय!’ आणि शेवटी, बाबा, तुमची आठवण काढून, पोटातून, माझ्याच आवाजात: “या, या, या! कचेरीच्या मागं, पहिला जिना!” ऑफिसात लावून दाखवला. पंखा खडखडत होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हे कोणाले दाखवलं का तू?”

“अजून नाही साहेब. रात्री टाकतो.”

“टाकशील तं मी संपलो,” साहेब म्हणाले. रागावले की त्यांची शुद्ध भाषा पळून जाते. “अरे बाबू, वकिलाले जाहिरात करता येत नाई. नियम आहे. सनद जाईन माझी! इतक्या वर्साची वकिली, आन् मी आगीच्या गोळ्यात?”

ताईंनी मला नीट समजावलं. वकिलानं कायदा काय आहे ते सांगितलेलं चालतं. माझ्याकडे या, मी जिंकून देतो, असं म्हटलेलं चालत नाही. माहिती द्यायची, बोलवायचं नाही. मी म्हटलं, “म्हणजे ढाब्यासमोर उभं राहून रोटी कशी करतात ते सांगायचं, आणि जेवायला या म्हणायचं नाही?” ताई म्हणाल्या, “अगदी तेच.” मी विचारलं, मग ट्रक थांबणार कसा?

ढोल गेला, आग गेली, ‘या’ गेलं. नवीन व्हिडिओत साहेब खुर्चीत ताठ बसून म्हणायचे, “सदरहू ग्राहकाने विहित मुदतीत…” आणि बघणाऱ्यांची मुदत तिथंच संपायची. जे थोडे लोक बघत होते त्यात एक मीच होतो, आणि एक साहेब, आतल्या खोलीत, आवाज बारीक करून.

आता आई. तुम्ही असताना तिला भांड्यावर पडलेला थेंब ऐकू यायचा. गेल्या काही वर्षांत तिचे कान हळूहळू गेले. मी मोठ्यानं बोललो की म्हणते, “खेकसून काऊन राह्यला?” हळू बोललो की म्हणते, “तोंडात काय धरून राह्यला?” शेवटी आदिलाबादच्या बसस्टँडजवळच्या एका दुकानातून कानाची मशीन घेतली, गॅरंटीची. पहिल्या दिवशी ती अंगणात उभी राहून चिमण्या ऐकत होती, आणि मग शेजारच्या वहिनी आपल्याबद्दल काय बोलतात तेही तिला ऐकू आलं. दोन्ही गोष्टींनी ती खूश. पण ती मशीन थोड्याच दिवसांत बंद पडली. दुकानदार म्हणाला, पाणी गेलं, पाणी गेलेलं गॅरंटीत बसत नाही. पाणी कुठून जाणार? आई तोंड धुतानाही ती काढून उशीखाली ठेवायची. पण तो हिंदीत भराभर बोलत गेला, आईला काही ऐकू आलं नाही, म्हणून ती मान हलवत राहिली, आणि तो म्हणाला, पाहा, मान्य केलं माताजींनी.

आईनं मशीन स्टीलच्या डब्यात ठेवून दिली. आणि बाबा, मग ती गप्प व्हायला लागली. तुम्हाला पटणार नाही, आई आणि गप्प! भजनाला जाणं सोडलं, म्हणाली टाळ चुकतो, बायका हसतात. भिंतीपाशी उभं राहून वहिनींशी बोलणं सोडलं. स्वयंपाकघरात चुलीशी बसून राहायची, कुकरच्या शिट्ट्या चुकायच्या, डाळ करपायची, आणि ती करपलेली डाळ आम्ही दोघं काही न बोलता खायचो. मला आगीच्या गोळ्यांपेक्षा त्याची भीती वाटायला लागली.

मी तिला ओरडून सांगितलं की दुकानदारावर तक्रार करता येते. माझ्या ऑफिसातल्या ताईंकडं चल. ती म्हणाली, “तुले काय समजते त्यातलं? दहावी नापास. आपल्या घरचं कोनी कचेरीत नाई गेलं.” संपलं. पण हीच आई मोबाइलवर आलेलं सगळं मानते! कुणी पांढऱ्या कोटातल्या माणसानं मोबाइलमधून सांगितलं म्हणून तिनं महिनाभर भेंडीचं पाणी प्यायलं, मलाही पाजलं. मी समोर उभा राहून सांगितलं तर ते खोटं, आणि तेच मोबाइलमधून आलं की वेदवाक्य. मग माझ्या डोक्यात आलं: मोबाइलमध्ये माल भरणारा तर मीच आहे.

ताईंना मी म्हटलं, एक व्हिडिओ असा करू की ज्यात आवाजच नसेल. साहेबांनी नुसते पुठ्ठे धरायचे, एकामागून एक, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. ज्याला ऐकू येत नाही त्यालाही कळेल, आणि बसमध्ये आवाज बंद करून बघणाऱ्यालाही. ताईंना पटलं. साहेबांना अजिबात नाही. “वकिलानं गप्प बसायचं? मग वकील कशाला म्हनाचं?” पण बसले. पुठ्ठे साडीच्या दुकानातले, अक्षर ताईंचं, कारण माझं अक्षर आई ओळखते. साहेब पुठ्ठा धरायचे आणि तो वाचूनही दाखवायचे. मी म्हणायचो, साहेब, ओठ मिटा. ते ओठ मिटायचे तर भुवया बोलायला लागायच्या. एक पुठ्ठा उलटा धरला, आणि वर मलाच म्हणाले, मोबाइल सरळ कर.

पुठ्ठे असे होते: ‘वस्तू घेतली. बंद पडली. दुकानदार ऐकत नाही.’ ‘बिल जपून ठेवा.’ ‘आधी दुकानदाराला लेखी द्या.’ ‘तरी नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा.’ आणि शेवटचा ताईंनी लिहिलेला: ‘त्यासाठी वकील असलाच पाहिजे असं नाही.’

साहेबांनी तो हातात घेतला आणि वाचून खाली ठेवला.

“हा काय आहे?”

“खरं आहे ना, बाबा? स्वतः तक्रार करता येते,” ताई म्हणाल्या.

“खरं आहे. पन मीच सांगू? माझ्याच हातानं, माझ्याच छातीवर धरून? हलवाई दुकानात पाटी लावते का, की मिठाई घरी बनते म्हनून?”

“बोलवायचं नाही म्हणता, मग हे तरी सांगा.”

साहेबांनी खिशातून कंगवा काढून केस बसवले. मग त्यांनी पुठ्ठा उचलला आणि धरला, पण असा उंच, की त्यामागं चेहरा झाकून गेला. व्हिडिओत शेवटी नुसता पुठ्ठा दिसतो आणि त्याच्यावर कलप लावलेले थोडे केस. मी परत काढू का म्हणून विचारलं नाही. तेवढंच त्यांच्याकडून निघणार होतं.

आईकडं तो व्हिडिओ माझ्याकडून जाऊन उपयोग नव्हता. मी वहिनींना दिला, वहिनींनी भजनाच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी मी जेवत होतो तर आई मोबाइल घेऊन समोर येऊन बसली. “पाय, पाय हे! तू नुसता बोंबलत फिरते. हा मानूस पाय, किती हुशार आहे. एक शब्द बोलत नाई. बिल ठेवा म्हनते. मी ठेवलंच आहे!” मी भाकरीत तोंड घालून बसलो. ती म्हणाली, “शिक काही याच्यापासून.”

आता पुढचं ऐका. दोन दिवसांनी बघतो तर आई ओसरीवर पुठ्ठे पसरून बसलेली. माझ्या शाळेच्या पेटीतला स्केचपेन, जीभ दातात धरून, चौथीपर्यंत शिकलेलं आपलं गोल-गोल अक्षर. मी खुणेनं विचारलं, काय? ती म्हणाली, “लेखी द्याचं आहे दुकानदाराले.” मी ओरडलो, “अवं, लेखी म्हणजे कागदावर! अर्ज!” ती म्हणाली, “वकिलानं कसं धरलं होतं? कागद धरला होता का?” मी मोबाइल बघितला. नव्हता धरला. आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात हे आलं नव्हतं. तिची पक्की समजूत झाली की कायद्यानं लेखी देणं म्हणजे पुठ्ठ्यावर लिहून, छातीशी धरून, तोंड बंद ठेवून समोर उभं राहणं. मी समजवायला गेलो तर म्हणाली, “तू चल. पन बोलू नको. बोलनं चालत नाई त्याच्यात.”

तामसीच्या बसनं आम्ही गेलो. पिशवीत पुठ्ठे, बिल, डबा. तिनं लग्नातलं हिरवं पातळ नेसलं होतं. दुकानाच्या पायरीखाली उभी राहिली आणि पहिला पुठ्ठा वर केला: ‘मशीन घेतली. बंद पडली.’

दुकानदार हसत बाहेर आला. “अरे माताजी, अंदर आइए ना, धूप में क्यों…”

दुसरा पुठ्ठा: ‘पाणी गेलं नाई.’

“माताजी, समझिए, कंपनी का रूल है, हम क्या कर सकते हैं…”

तिसरा: ‘बिल आहे.’

बाबा, तुम्ही तिथं असायला हवे होतात. त्या माणसाची सगळी विद्या जिभेत होती, आणि आईला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. तो गोड बोलला, मग कंपनीवर ढकललं, मग चढ्या आवाजात गेला, परत खाली आला. ती आपली वकिलासारखी ताठ, ओठ घट्ट, नजर त्याच्या कपाळावर. त्याचं बोलणं संपायची वाट बघून पुढचा पुठ्ठा काढायची, मागच्या वेळेसारखी मान अजिबात हलवायची नाही. बसस्टँडवरचे लोक जमले. कोणी वाचून दाखवायला लागला, एकानं शेजारच्याला तेलुगूत सांगितलं. आणि मग एकाचा मोबाइल निघाला, दुसऱ्याचा निघाला. दुकानदार माझ्याकडं वळला, “भाई, तुम साथ में हो ना? इनको बोलो कुछ!” मी ओठांवर बोट ठेवलं. मला परवानगी नव्हती.

“अरे, बंद करो वीडियो, बंद करो!” तो म्हणाला. आईनं ‘ग्राहक आयोग’ लिहिलेला पुठ्ठा अर्धाच वर केला होता, तेवढ्यात तो आत गेला, नवीन डबी फोडली, बाहेर येऊन तिच्या हातात मशीन दिली आणि बिलावर बदलून दिल्याची सही शिक्का केला. आईनं पायरीवर बसून मशीन कानात घातली. मग त्याच्याकडं बघून म्हणाली, “आता बोल. काय सांगून राह्यला होता मघापासून?” लोक असे हसले की आतला पोपटी शर्टवाला नोकरही हसला, आणि दुकानदारानं त्याला आत पाठवलं.

ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा ताई टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. साहेब गंभीर. “म्हनजे वकील नसला तरी चाललं,” ते म्हणाले. “तुझ्या आईनंच केलं आनि फी बुडाली ती माझी.” पण बसस्टँडवरचे ते व्हिडिओ गावोगाव गेले, आणि त्यांच्यामागून साहेबांचाही. परवा एक म्हातारा जिना चढून आला, फ्रिजची तक्रार घेऊन. दारात उभा राहिला, छातीशी पुठ्ठा धरून, एक शब्द न बोलता. साहेबांना कोण आनंद झाला! ‘या’ म्हणायचं नाही हे त्यांच्या इतकं अंगात भिनलंय की ते नुसते उभे राहिले, हातानं खुर्ची दाखवली, आणि तेही काही बोलले नाहीत. ताई येईपर्यंत दोघं तसेच एकमेकांकडं बघत होते.

तर मशीन चालू आहे. आई भजनाला जाते. वहिनींशी भिंतीपाशी दोन-दोन तास. कुकरच्या शिट्ट्या मोजते आणि मी किती वाजता आलो तेही. सगळं चांगलं झालं. फक्त एक आहे, ते तुम्हालाच सांगतो. तिला ऐकू येत नव्हतं त्या दिवसांत मी चुलीशी बसून तिला सगळं बोलून टाकायचो, साध्या आवाजात. की मला परत कुठंतरी निघून जावंसं वाटतं. की ती इथं एकटी राहील याची भीती वाटते, म्हणून निघत नाही. की तुमचा चेहरा आता मला पूर्ण आठवत नाही. ती भाकरी थापत राहायची, मध्येच “हं” म्हणायची, आणि मला बरं वाटायचं. आता तसं बोलता येत नाही. म्हणून हे मोबाइलवर तुम्हाला लिहायला बसलो, भरदुपारी, ओसरीवर.

आत्ता ती आतून बाहेर आली. म्हणाली, “इतका वेळ काय लिहून राह्यला?”

“वकिलाचं काम आहे.”

ती समोर बसली, पदरानं हात पुसले, कानातली मशीन नीट केली. “मंग वाच ना मोठ्यानं. आता ऐकू येते मले.”

मी आगीच्या गोळ्यांच्या व्हिडिओतलं जेवढं आठवलं तेवढं वाचून दाखवलं. ती म्हणाली, चांगलं आहे, पण हे तुझ्या वकिलाच्या तोंडचं वाटत नाई.